इनेझच्या वाट्याची लाकडं

बाबांच्या महिन्याच्या मिस्सेहून, चर्चमधल्या प्रार्थनेहून, सगळे घरी आले, इनेझ हातपाय धुवायला मागच्या न्हाणीत गेली, आणि तिथे पाणी तापवायच्या चुलीत तिला बाबांची हत्यारं दिसली. एक फळी आत सारलेली, टोक धुमसत होतं. बाकीची लाकडं शेजारी रचून ठेवलेली, पुढच्या हंड्यासाठी. झालं! इनेझने नुसत्या हाताने फळी ओढून काढली, बादलीत बुचकळली आणि तशीच ठिबकती फळी घेऊन ओटीवर आली. सगळे पाहुणे चहा-पाव खात बसले होते. त्यांच्यासमोर तिने विचारलं, "हे कुणी जाळायला घातलं?"

रिटा म्हणजे तिची धाकटी वहिनी, फर्डिनंडची बायको. ती बिचारी चाचरत म्हणाली, "अगं, माळ्यावरच्या पेटीत होती. खिळे ठोकून बंद केलेली पेटी. उघडली तर नुसती लाकडं. जुनं लाकूड आहे, चांगलं पेटतं."

"चांगलं पेटतं! बाबांना जाऊन महिना होतोय न होतोय, आणि ह्यांना चांगलं पेटतंय!"

इनेझ अशीच. चाळिशी उलटली होती, निर्मळ गावी सासर, घरी शिलाई मशीन, आणि आजूबाजूच्या चार गावांत लग्नाचे झगे तिच्याइतके चांगले कुणी शिवत नसे. पण गिऱ्हाईक नुसतं "कसंही चालेल हो" म्हणालं की ती कापडाची घडी घालून परत द्यायची. "कसंही चालेल तर कुठेही शिवा. माझ्याकडे कसंही होत नाही." तिच्या स्वतःच्या लग्नात बँडवाले वेळेवर आले नाहीत, तर ही नवरी बापाचा हात धरून बँडशिवाय चर्चला चालत निघाली. वाटेत बँड भेटला, धापा टाकत. तिने त्यांना तिथूनच मागे फिरवलं. नवरा पॉल देवमाणूस. तो म्हणायचा, त्या दिवशीच मला कळायला हवं होतं.

तर त्या दिवशी वटारच्या, म्हणजे माहेरच्या, ओटीवर फर्डिनंड उठला. हा दोघा भावांतला धाकटा, बोलण्यात पटाईत. हिलरी सगळ्यात मोठा, तो आणि त्याची बायको वाडीतच राहायचे, वाडी कसायचे. फर्डिनंड नोकरीसाठी कधीचा बाहेर पडला होता, पण वाडी विकायला गिऱ्हाईक त्याने आणलं होतं. कुणी बिल्डर. विहीर बुजवून चाळी बांधणार होता. हिलरी ना हो म्हणाला होता ना नाही. गुडघे दुखतात, मोटारीला पाणी मचूळ येतं, केळी पूर्वीसारखी येत नाहीत, काय करायचं ते करा, एवढंच म्हणाला होता. बाबा कागद न करता गेले, म्हणून बहिणीची सही हवी होती. फर्डिनंडने तो हक्क सोडल्याचा कागद खिशात आणलाच होता.

"तुला ही लाकडं हवीत ना? घेऊन जा," तो हसत म्हणाला. "बाबांची आठवण. तुझा वाटा समज. आणि इथे सही कर."

पाहुण्यांतले दोघेतिघे हसले. तिथेच चुकलं. ते हसले नसते तर इनेझने कदाचित रडत सही केली असती, कारण भाऊ म्हणाले की बहिणी सह्या करतात, अशीच पद्धत. पण वाडी गेली की तिचं माहेर जाणार होतं. दरवर्षी वाडीतल्या राजेळी केळ्यांची सुकेळी, उन्हात वाळवून पानात बांधलेली, हिलरीदादा तिच्या घरी पोचवायचा. पोरीबाळींचं माहेर म्हणजे दुसरं काय असतं? आणि ते सगळं सोडून तिने काय घ्यायचं, तर चुलीतून वाचलेली लाकडं!

"माझा वाटा काय, हे?" तिने फळी वर धरली. "बरं. मग सांग, हे कशाचं आहे?"

"लाकडाचं," फर्डिनंड म्हणाला. पुन्हा लोक हसले.

"कशासाठी आहे? काय करतात ह्याने?"

फर्डिनंडने फळी उलटीपालटी केली. तीन भोकं. तोवर रिटाने न्हाणीतली बाकीची लाकडंही आणून ठेवली. दुसरी फळी तशीच, तीन भोकांची. वाकड्या दांड्या तीन, प्रत्येकीच्या टोकाला खाच. एक लाकडी आकडा. आणि सगळ्यांत विचित्र तो गोळा. असोल्या नारळाएवढा, एका बाजूला निमुळता, त्यावर वरून खालपर्यंत तीन खोल खाचा आणि मधून आरपार एक दांडा. हात लागून लागून लाकूड गुळगुळीत झालेलं.

"बाबा रहाट करायचे," फर्डिनंड म्हणाला. "रहाटाचंच काहीतरी असेल."

"काहीतरी! अरे, जन्मभर ज्याच्या हाताच्या कमाईवर वाढलास, त्याच्या हातातलं हत्यार ओळखता येत नाही तुला, आणि त्याची वाडी विकायला निघालास?" इनेझचा आवाज आता चर्चपर्यंत जात असेल. "ऐका सगळ्यांनी. माझे दोन भाऊ आहेत. दोघांतल्या एकाने जरी सांगितलं ही लाकडं कशाची, आणि चालवून दाखवलं, तर मी तिथेच सही करीन. मागेपुढे बघणार नाही. गावच्या सणापर्यंत मुदत. सणानंतरच्या रविवारी, मिस्सा झाली की, इथे वाडीत. आणि नाही सांगता आलं, तर हा कागद पुन्हा माझ्या दारात आणायचा नाही. जन्मात नाही."

"एवढंच ना?" फर्डिनंड म्हणाला. "कबूल! आठवड्यात सांगतो."

हिलरी ह्या वेळी वाडीत मोटारीशी झटापट करत होता. त्याने लाकडं बघितलीही नाहीत. रात्री बायकोने त्याला सांगितलं, बहिणीने कसल्यातरी गोळ्यावरून पैज लावलीय. तो म्हणाला, "लावू दे."

इनेझने ती सगळी लाकडं पॉलच्या सायकलच्या कॅरिअरवर बांधली. आडवाटेने जाता आलं असतं. पण नाही. चर्चसमोरून, बाजारातून, गोळा वर ठेवून, ज्याला बघायचं त्याने बघावं अशी ती सायकलीशेजारून चालत निर्मळला गेली.

घरी आल्यावर पॉलने सायकल टेकवली आणि हळूच विचारलं, "इनेझ, तुला तरी माहीत आहे ना ते कशाचं आहे?"

इनेझने बटाटे सोलायला घेतले.

"इनेझ?"

"नाही."

"अगं बाई! मग उद्या फर्डी आला आणि म्हणाला हे अमुक आहे, तर खरं की खोटं तुला कळणार कसं?"

"म्हणून तर मला आधी शोधलं पाहिजे," इनेझ म्हणाली. "आणि तू हे कुणाकडे बोललास तर याद राख."

पॉल कुणाकडे बोलला नाही.

इनेझने लाकडं मशीनच्या समोरच्या भिंतीवर खिळ्यांना टांगली. झगे शिवायला येणाऱ्या बायकांनी ती बघावी, काही बोलावं, आणि आपण माहीत असल्यासारखा चेहरा करून ऐकावं, हा तिचा डाव. बायका बोलल्याही. एकीने सांगितलं, लोणी काढायचं. एकीने सांगितलं, हे गुड फ्रायडेला घंटेऐवजी वाजवायचं खटखटं. दुसरीला वाटलं, बाळंतिणीच्या खाटेचे पाय. ह्या सगळ्यांना इनेझ "बघू" म्हणायची. आणि त्या गेल्या की गोळा हातात घेऊन बसायची. खाचांत बोट फिरवायची. खाचा बाजूंना नव्हे, तळाशी जास्त गुळगुळीत होत्या. ह्यातून काहीतरी सरकत गेलं होतं, वर्षानुवर्षं. काय सरकलं असेल, हे मात्र तिच्या डोक्यात येईना. बाबांच्या रहाटावर ती लहानपणी बसून फिरली होती, त्याचा दातन् दात तिला ठाऊक होता. रहाटात हे कुठेही बसत नव्हतं.

फर्डिनंडचा आठवडा कधीच संपला. त्याने आधी दोन सुतार आणले, दोघांनीही हात टेकले. मग तो चर्चच्या फादरना घेऊन आला. फादर नवीन होते, हौशी, जुन्या वस्तूंची आवड असलेले. त्यांनी गोळा खिडकीशी नेऊन निरखला आणि त्यांचे डोळे चमकले.

"तीन खाचा. तिन्ही वेगळ्या निघतात आणि टोकाशी एक होतात. इनेझबाई, मला तर हे पवित्र त्रैक्याचं, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याचं, चिन्ह वाटतं. पोर्तुगीजांच्या काळातल्या एखाद्या वेदीवरचं असेल."

"ऐकलंस?" फर्डिनंड म्हणाला. "फादर सांगतायत!"

"फादर," इनेझ म्हणाली, "त्रैक्याला हा दांडा कशाला लागतो? मूठ धरायला?"

फादर खळखळून हसले. "तेही खरंच. मला नाही सांगता येत ह्याचं."

"आणि फर्डी, चालवून दाखवायचं ठरलंय. चालव बघू त्रैक्य!"

फर्डिनंड पाय आपटत गेला. पण बोललेलं बाहेर पडलं ते पडलंच. दुसऱ्या दिवसापासून दोन म्हाताऱ्या येऊन गोळ्याला हात लावून कपाळावर, छातीवर, खांद्यांवर क्रूस करू लागल्या. तिसरी मेणबत्ती घेऊन आली. तिच्या नातवाची परीक्षा होती. इनेझने तिला दारातच अडवलं. "मावशी, इथे कापड आहे, पेट घेईल. एकदा वाचलंय हे लाकूड चुलीतून, पुन्हा जाळू नका."

सण जवळ आला. इनेझची झोप उडाली, पण दिवसा तिचा तोरा तसाच. त्यातच एका घाईच्या लग्नाचा झगा आला. भरभर मशीन चालवताना दोरा सुईत अडकून फिसकटला. इनेझने चिडून तो तोडला, टोक ओलं करायला तोंडात धरलं आणि मग बाहेर काढून बघितलं. पीळ सुटला होता. एका दोऱ्याचे तीन दोरे झाले होते. तीन बारीक दोरे, आणि पुढे जिथे पीळ शाबूत, तिथे एक.

आयुष्यभर तिने हा दोरा सुईत ओवला होता. तीन पेडांचा दोरा!

तिने भिंतीवरचा गोळा काढला. झग्याच्या कापडावरच ठेवला, आता सांगा! खाटेची सुंभाची दोरी सोडून तिचे तीन तुकडे केले, तीन खाचांत बसवले. पॉलला हाका मारल्या. एक फळी खिडकीच्या गजांना बांधली, तिच्या भोकांतून वाकड्या दांड्या घातल्या, एकेक दोरी एकेका खाचेला. दुसरी फळी दांड्यांच्या मागच्या टोकांवर चढली. अगदी बसली! ती फळी गोल फिरवली की तिन्ही दांड्या एकदम फिरत. दोऱ्यांची पलीकडची टोकं आकड्याला अडकवून तो आकडा पॉलच्या हातात दिला.

पहिल्यांदा सगळा गुंता झाला. दुसऱ्यांदा पॉलने आकडा घट्ट धरून ठेवला आणि दोऱ्या भुताच्या केसांसारख्या उभ्या राहिल्या. "अरे, मोकळा सोड! फिरू दे त्याला!" इनेझ ओरडली. "तू घट्ट धरायला सांगितलंस!" "मी सांगितलं असेल, पण दिसत नाही का काय होतंय!" तिसऱ्या वेळी तिने शेजारच्या पोरीला फळी फिरवायला बसवलं आणि गोळा स्वतः धरला. तिन्ही पेडांना पीळ बसत गेला, ते ताणले, आकडा पॉलच्या हातात उलटा फिरू लागला, आणि गोळ्याच्या टोकाशी तिन्ही पेड एकमेकांना मिठी मारून एक झाले. गोळा पुढे ढकलला गेला. इनेझने ढकलला नव्हता. तयार झालेला दोरच त्याला पुढे सारत होता, आणि ती त्याच्यामागून चालत होती. मागे सरळ, घट्ट, एकसारखा दोर.

"दोर!" इनेझ नाचायचीच बाकी होती. "पॉल, दोर वळायचं आहे हे!"

"पण तुझे बाबा तर सुतार," पॉल म्हणाला.

तेही खरं होतं. रहाटाची गाडगी ज्या लांबलचक दोराच्या माळेवर बांधतात, तो दोर बाबा बाजारातून विकत आणायचे. हे तिला पक्कं आठवत होतं. दरवेळी आणायचे आणि दरवेळी शिव्या घालायचे, कुजका आहे म्हणून. मग घरात हे असताना विकत का?

दुसऱ्याच दिवशी ती वटारला गेली. घरी गेली नाही. वाडीच्या पलीकडे रुक्मिणीकाकू राहायच्या, त्यांची फुलांची वाडी. आता ऐंशीच्या घरात होत्या, पण कान शाबूत. इनेझने सांगायला सुरुवात केली आणि काकूंनी तिला मध्येच थांबवलं.

"तीन खाचांचा गोळा ना? अगं, ते तुझ्या आईचं. सालोमीचं."

इनेझ तिथेच पायरीवर टेकली.

"तुझ्या आजोळी बंदरावर पडावांचे, मोठ्या होड्यांचे, दोर वळायचे. ती लग्नात ते घेऊन आली. इथल्या बायका हसायच्या तिला, बंदराकडची बंदराकडची म्हणून. तिने कुणाला भीक घातली नाही, तुझ्यासारखीच. तुझा बाप बेसिल रहाट करायचा, ही त्याला दोर वळून द्यायची. ह्या सगळ्या पट्ट्यात तिचाच दोर चालायचा. आमच्या रहाटालासुद्धा होता. ती गेली आणि बेसिलने पेटीत घालून खिळे ठोकले. नाव काढलं नाही पुन्हा."

आई गेली तेव्हा इनेझ पाळण्यात होती, फर्डिनंड नुकता चालू लागला होता. घरात आईचा फोटोसुद्धा नव्हता. बाबा तिच्याबद्दल बोलत नसत, आणि मुलं विचारत नसत, हाही त्या घरातला एक नियमच होता. तोरा मिरवत बाजारातून नेलेली लाकडं बाबांची नव्हतीच.

"काकू, तुम्ही इतके दिवस बोलला का नाहीत? सगळं गाव विचारतंय!"

"सुतारांना विचारलंत, फादरना विचारलंत," काकू म्हणाल्या. "मला कुणी विचारलं?" मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि हिलरीला कसं नाही आठवत? सात वर्षांचा असेल. गोळा धरून तोच तर चालायचा."

इनेझ चटकन उठली. हिलरीने ती लाकडं अजून बघितली नव्हती. पण रविवारी बघणार होता.

घरी येऊन तिने पॉलला सगळं सांगितलं. पॉल म्हणाला, "मग गोळा हरवला म्हणून सांग. उंदरांनी नेला म्हणून सांग."

"उंदरांनी!" इनेझ उसळली. "चुलीतून मी काढला, आणि आता मीच हरवू? सगळ्या गावासमोर शब्द दिलाय. दादाला आठवलं तर आठवलं. सही करीन आणि मग फर्डीच्या दारात बसून रोज रडेन, पण शब्द फिरवणार नाही." बोलली खरी. रात्री मात्र उशीत तोंड घालून रडली. आणि सकाळी उठून पॉलला म्हणाली, "काथ्याचे चांगले लांब पेड आण. कुणी बरोबर सांगितलं तर चालवायला लागतील."

रविवारी मिस्सा झाली. वाडीत विहिरीजवळ माणसं जमली. बघ्यांना काय तोटा! फर्डिनंड नव्या शर्टात, कागद खिशात. रिटाच्या हातात झाकलेलं पातेलं. हिलरी लांब, बांधावर बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर. इनेझने लाकडं चटईवर मांडली.

"सांगा," ती म्हणाली.

फर्डिनंड पुढे झाला. "हा शेवयांचा साचा आहे. फळीच्या भोकांतून पीठ दाबायचं, गोळ्याने. दांड्या धरायला." रिटाने पातेल्यातलं मळलेलं पीठ काढलं. फर्डिनंडने ते भोकावर ठेवलं आणि गोळ्याने दाबलं. पीठ खाचांतून वर आलं, त्याच्या मनगटावर, शर्टावर. भोकातून मात्र एक शेवई पडेल तर शपथ. लोक पोट धरून हसले. रिटासुद्धा.

"एवढ्या जाड शेवया तुमच्या घरी खातात वाटतं!" इनेझ म्हणाली. पण तिचं लक्ष हसण्यात नव्हतं.

फर्डिनंडने हात झटकले. "दादा, तू ये! दोघांपैकी एकाने असं ठरलंय. तू मोठा, तुला आठवत असेल काहीतरी. ये, बघ."

हिलरी सावकाश उठला. चटईशी आला, गुडघ्यावर हात टेकून वाकला, आणि त्याने गोळा उचलला. इनेझने बघितलं, त्याने तो बाकीच्यांसारखा दोन्ही हातांत नाही घेतला. डावा हात दांड्यावर गेला, उजव्या हाताची बोटं एकेका खाचेत आपोआप जाऊन बसली. पिठाचा कण लागला होता तो त्याने अंगठ्याने पुसला. मग त्याने मान वर केली आणि विहिरीच्या दिशेने बघितलं, जमिनीवर कुणी बसलंय असं. तिथे कुणी नव्हतं. त्याचा एक पाय पुढे पडला. मग दुसरा. आणि तो थांबला.

त्याला आठवलं होतं. इनेझला ते कळलं, आणि हेही कळलं की संपलं. विहीर गेली, वाडी गेली, सुकेळी गेली. तिने हनुवटी वर केली.

"सांग दादा," ती म्हणाली. आवाज कापला तरी मोठा होता. "बिनधास्त सांग. मी दिलेला शब्द पाळीन. कागद आण रे फर्डी."

हिलरीने तिच्याकडे बघितलं. मग विहिरीकडे, मग फर्डिनंडच्या हातातल्या कागदाकडे. 

"हे ना?" तो म्हणाला. "सुकेळी कुटायचं असेल."

झालं! जो हशा पिकला! वसईत जन्म गेलेल्या माणसाने म्हणावं, सुकेळी कुटतात! मऊ, मधासारखी सुकेळी, ती कोण कुटेल? "अरे हिलरी, मग भात काय सोलून उन्हात वाळवतोस?" कुणीतरी ओरडलं.

"दादा!" फर्डिनंड कळवळला. "नीट आठव! काय बोलतोस हे?"

"मला एवढंच माहीत," हिलरी म्हणाला. "मी केळीवाला माणूस. उत्तर चुकलं असेल तर चुकलं. मुदत संपली. कबूल तूच केलं होतंस, आता कागद आत ठेव."

"म्हणजे तुला विकायची नाही?"

"नाही विकायची," हिलरी म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो एवढं सरळ बोलला होता.

"मी कोर्टात जाईन!"

"जा की," इनेझ म्हणाली. "शर्ट बदलून जा."

फर्डिनंड गेला, त्याच्यामागून रिटा पातेलं घेऊन गेली, मग हसत हसत बघे गेले. विहिरीजवळ तिघेच उरले. इनेझ, लाकडं गोळा करणारा पॉल, आणि हिलरी. गोळा अजून त्याच्या हातातच होता.

"दादा," इनेझ म्हणाली. "खोटं बोललास. रविवारी. मिस्सेहून आल्या आल्या."

"कन्फेशनला जाईन."

"फादरना काय सांगशील?"

"सांगेन, सुकेळी कुटली."

इनेझ हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. तिने पदराने तोंड पुसलं. तिच्याकडे विचारायचं एकच होतं आणि ते तिने आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं.

"आई कशी होती रे?"

"नीट आठवत नाही," हिलरी म्हणाला. "चेहरा तर नाहीच. ती तिथे बसायची, विहिरीला पाठ लावून, फळी फिरवत. मी तिकडून हे धरून तिच्याकडे चालत यायचो. पोचलो की दोर पुरा व्हायचा, आणि ती माझं नाक पुसायची. बास, एवढंच."

मागे विहिरीच्या कठड्याशी जुना खांब होता. इनेझने फळी त्याला बांधली. जळकं टोक तिच्याच बाजूला आलं. दांड्या घातल्या, काथ्याचे पेड अडकवले, आकडा देऊन पॉलला पार शेवटच्या केळींपर्यंत पिटाळलं, आणि हिलरीला त्याच्यामागून. मग ती विहिरीला पाठ लावून खाली बसली, दुसरी फळी दोन्ही हातांत धरली.

"हं, आता ये!" ती वाडीभर ऐकू जाईल अशी ओरडली. "आणि सावकाश चाल. दोर सैल पडला तर पुन्हा पहिल्यापासून करायला लावीन!"